वाट मोकळी करणारा परमवीर

परमवीर चक्र म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर तरी हिंदी सिनेमाच यायचा. रात्रीची वेळ, हातात मशीनगन, मोठमोठे आवाज आणि शत्रूवर तुटून पडणारा जवान. शौर्य म्हणजे दोन-पाच मिनिटांत जे काय व्हायचं ते होऊन जातं, असंच वाटायचं.

पण ज्यांना हे पदक मिळालं, त्यांच्यात एक माणूस असा आहे की ज्याचं शौर्य दोन-पाच मिनिटांचं नव्हतं, चांगलं चार दिवसांचं होतं. आणि त्या चार दिवसांत त्याने जे केलं, त्याला आपल्या सिव्हिलवाल्यांच्या भाषेत सरळ ‘साइटवरचं काम’ म्हणता येईल. रस्त्यावर आडवी पडलेली झाडं उडवायची, तुटलेल्या मोरीला वळसा घालून दुसरी वाट काढायची, खचलेल्या कडा गाडी जाण्याजोग्या करायच्या, जमिनीत पेरलेले सुरुंग एकेक करून उचलायचे. फरक एवढाच की या साइटवर वरच्या डोंगरावरून मशीनगन चालू होती.

हा माणूस म्हणजे सेकंड लेफ्टनंट (पुढे मेजर) रामा राघोबा राणे. बॉम्बे सॅपर्सचे. म्हणजे आपल्या खडकीचे! परमवीर चक्र स्वतःच्या हयातीत मिळालेले ते पहिले वीर. आपल्या हॉस्टेलमधून डेक्कनला जायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढ्याच वेळात आपण खडकीला पोचतो. तरीसुद्धा माझ्या मजल्यावरच्या अकरा मुलींना मी हे नाव विचारलं, तेव्हा फक्त एकीला माहीत होतं, आणि तिचे वडील फौजेत आहेत. म्हणून हा लेख.

राणेंचा जन्म २६ जून १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. तेव्हा कारवार म्हणजे मुंबई इलाख्यातला उत्तर कानडा जिल्हा, आता ते कर्नाटकात आहे. वडील राघोबा राणे पोलीस कॉन्स्टेबल. पोलिसाची नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. त्यामुळे रामाची शाळा एका गावात कधी टिकली नाही. १९३० साल उजाडलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. देशभर स्वातंत्र्याची चळवळ पेटलेली. या मुलालाही तिचं वेड लागलं. आता विचार करा, बाप सरकारी पोलीस आणि मुलगा सरकारविरुद्धच्या चळवळीत! वडील घाबरले आणि बिऱ्हाड उचलून सगळ्यांना परत चेंडियाला घेऊन आले.

पुढची गंमत अशी की हाच मुलगा दहा वर्षांनी, १० जुलै १९४० ला, ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत भरती झाला. वय बावीस. दुसरं महायुद्ध सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. तो गेला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये. तिथे आपल्या तुकडीतला सर्वोत्कृष्ट रिक्रूट ठरला आणि त्याला कमांडंटची छडी बक्षीस मिळाली. हातात डिग्री नाही, डिप्लोमा नाही. आपण इथे चार वर्षं आणि शिवाय दोन-चार केट्या घालवून इंजिनिअर होतो, राणे ते काम करत करत झाले.

इथे थोडं थांबून ‘सॅपर’ म्हणजे काय ते सांगते. मलाही ते आधी नीट ठाऊक नव्हतं. फौजेच्या इंजिनिअर जवानाला सॅपर म्हणतात. त्याचं काम दुहेरी. आपलं सैन्य पुढे जायला हवं असेल तर पूल बांधायचा, रस्ता करायचा, सुरुंग काढायचे. आणि शत्रू पुढे यायला नको असेल तर तोच पूल उडवायचा, तोच रस्ता तोडायचा, तिथेच सुरुंग पेरायचे. भारतीय फौजेच्या इंजिनिअर कोअरचं ब्रीदवाक्य एका शब्दाचं आहे : सर्वत्र. म्हणजे पायदळ असो, रणगाडे असोत, तोफखाना असो, सॅपर सगळ्यांबरोबर असतोच. आणि अडथळा आला की बाकीचे थांबतात आणि सॅपर पुढे जातो.

राणेंच्या वाट्याला आधी हे उलटं काम आलं, म्हणजे तोडण्याचं. त्यांची २६ वी डिव्हिजन ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर जपान्यांशी लढत होती. तिथून माघार घ्यायची वेळ आली तेव्हा बुथिदौंग इथल्या महत्त्वाच्या गोष्टी शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून त्या नष्ट करायला राणे आणि दोन सेक्शन मागे ठेवले गेले. काम झालं की नौदल येऊन त्यांना घेऊन जाणार असं ठरलं होतं. काम झालं, पण घ्यायला कोणी आलं नाही. मग जपानी गस्त चालू असलेली नदी ओलांडून हे लोक स्वतःच आपल्या डिव्हिजनपर्यंत येऊन पोचले. राणेंना हवालदाराची बढती मिळाली. मला वाटतं, पुढे काश्मीरमध्ये जे झालं त्याची तयारी इथेच झाली असणार. अडथळा कसा करायचा हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्यालाच तो कसा काढायचा हे जास्त चांगलं कळतं.

हवालदार, मग जमादार असं करत करत, स्वातंत्र्य मिळाल्यावर चार महिन्यांनी, १५ डिसेंबर १९४७ ला राणे बॉम्बे सॅपर्समध्येच सेकंड लेफ्टनंट झाले. साध्या जवानापासून सुरुवात करून अधिकारी. तेव्हा वय एकोणतीस. आणि चारच महिन्यांत तो रस्ता त्यांच्यासमोर आला.

आता काश्मीरचं चित्र थोडक्यात. ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानकडून टोळीवाले काश्मीरमध्ये घुसले. श्रीनगर वाचलं, पण जम्मूच्या पश्चिमेकडचा डोंगराळ भाग पेटलेलाच होता. नोव्हेंबरमध्ये राजौरी पडलं आणि तिथल्या हिंदू-शीख रहिवाशांची भयंकर कत्तल झाली. डिसेंबरच्या अखेरीस झांगर गेलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या ब्रिगेडने नौशेरावरचा मोठा हल्ला परतवला. याच लढाईत नाईक जदुनाथ सिंग यांनी मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं. १८ मार्चला झांगर परत घेतलं. आता पुढचं लक्ष्य होतं राजौरी. आणि नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे तर रस्ता एकच, डोंगराच्या कडेकडेने सापासारखा वळत जाणारा.

हा रस्ता शत्रूने शक्य तेवढा बंद करून टाकला होता. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण घाटरस्त्याचं अलाइनमेंट काढतो ना? तो नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार. अशा रस्त्यावर झाड आडवं टाकलं की बाजूने जायला जागाच नाही. मोरी उडवली की काम संपलं. झाडाभोवती सुरुंग पेरले की झाडाला हात लावायची सोय नाही. आणि समोरच्या टेकडीवर एक मशीनगन बसवली की सुरुंगाला हात लावायचीही सोय नाही. अडथळ्यावर अडथळ्याचा पहारा! ज्याने कोणी हे केलं त्यालाही इंजिनिअरिंग कळत होतं, हे मान्य करायला हवं.

८ एप्रिल १९४८. नौशेरा-राजौरी रस्त्यावरच्या २६ व्या मैलाजवळचे सुरुंग आणि अडथळे काढायची जबाबदारी ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या राणेंवर होती. त्या दिवशी चौथ्या डोग्रा पलटणीला बरवाली रिज घ्यायची होती. सकाळी ११ च्या सुमारास नदपूर साउथजवळ राणेंचे लोक रणगाड्यांपाशी काम सुरू करायची वाट बघत थांबले होते. तेवढ्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. (सिव्हिलवाल्यांनो, मॉर्टर म्हणजे दर वेळी विटांमधला मसाला नव्हे. इंग्रजीत काय आणि मराठीत काय, या तोफेला नाव मिळालं ते स्वयंपाकघरातल्या उखळावरून.) दोन जण जागीच गेले. पाच जखमी झाले, आणि त्या पाचांतले एक स्वतः राणे.

म्हणजे अजून काम सुरूसुद्धा झालेलं नाही आणि टीम अर्धवट झाली आहे, टीमचा प्रमुख जखमी आहे. अशा वेळी मागे जाऊन मलमपट्टी करून घेतली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं. राणेंनी उरलेल्या लोकांची पुन्हा मांडणी केली आणि काम सुरू केलं. दिवसभर ते रणगाड्यांच्या आसपास, माऱ्याखालीच होते. दुपारी साडेचारला बरवाली रिज डोग्रांनी घेतली. शत्रू आजूबाजूला अजून होता, हे राणेंना माहीत होतं. तरी ते लगेच पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी डायव्हर्जन, म्हणजे मूळ रस्त्याला बगल देणारी वाट, खोदायला लागले. रात्री १० पर्यंत काम केलं, शत्रूला समोर दिसत असताना.

दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, सकाळी ६ ला पुन्हा हजर. दुपारी ३ ला डायव्हर्जन तयार झालं आणि रणगाडे निघाले. सगळ्यात पुढच्या कॅरिअरमध्ये (ही उघड्या डोक्याची छोटी चिलखती गाडी असते) राणे बसले. अर्धा मैल गेल्यावर रस्त्यावर चीड वृक्षांचा अडथळा. उतरले, स्फोटकं लावून झाडं उडवली, पुढे. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुन्हा उतरले, पुन्हा उडवली. संध्याकाळचे ५ वाजत आले होते. पुढच्या वळणावर मोरी उडवलेली. तिथे हात घालणार तोच मशीनगन सुरू झाली. तरी बगल काढली, रणगाडे पुढे गेले. सव्वासहाला अंधार पडायला लागला आणि समोर आली पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वर मशीनगन. राणे सुरुंग काढायला लागले होते, पण रणगाड्यांच्या कमांडरने परिस्थिती बघून गाड्या रात्रीपुरत्या सुरक्षित जागी घेतल्या.

१० तारखेला राणे पहाटे पावणेपाचला त्या पाच झाडांपाशी परत आले. साडेसहाला झाडं बाजूला. पुढचे हजार यार्ड तर नुसते अडथळे आणि उडवलेले भराव. साडेदहाला तेही मोकळे झाले. मग रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ ला चिंगसला पोचले. चिंगस म्हणजे काश्मीरला जाणाऱ्या मुघलांच्या जुन्या वाटेवरची सराई.

आता खरं तर राणेंचं काम झालं होतं. रणगाडे पोचले! पण रणगाड्यांमागून येणारे ट्रक नदीच्या पात्रातून जाऊ शकत नाहीत. त्यांना रस्ताच लागतो. आणि ट्रकमधून काय येतं? दारूगोळा, डिझेल-पेट्रोल, अन्न, औषधं. ते नाही आलं तर पुढे गेलेले रणगाडे एक-दोन दिवसांत लोखंडाचे डबे होतात. म्हणून राणे मागेच राहिले आणि न जेवता, न थांबता रात्री ९ पर्यंत रस्ता साफ करत राहिले. ११ तारखेला पुन्हा सकाळी ६ ला सुरुवात. ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. तरी थांबले नाहीत, रात्री १० पर्यंत पुढचा रस्ता मोकळा करत राहिले. १२ एप्रिलला भारतीय फौज राजौरीत पोचली.

राणेंना जे मानपत्र दिलं गेलं त्यात या सगळ्या वेळा एकापाठोपाठ एक दिलेल्या आहेत. वाचताना ते मला मानपत्र वाटलंच नाही, साइट डायरी वाटली. अमुक वाजता काम सुरू, अमुक वाजता अमुक अडथळा, अमुक वाजता पूर्ण. मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी असल्यामुळे साहजिकच बेरीज केली. ८ तारखेला सकाळी ११ पासून ११ तारखेला रात्री १० पर्यंत होतात ८३ तास. त्यातले साधारण ५५ तास राणे कामावर होते, आणि पहिल्या तासापासून जखमी. सबमिशनच्या आदल्या रात्री जागून आपण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना डोळे दाखवत फिरतो, ते आठवलं आणि मी गप्प बसले.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या मानपत्रात राणेंनी किती शत्रू मारले याचा आकडा कुठेच नाही. मोजलेत ते अडथळे, यार्ड आणि तास. देशाचा सगळ्यात मोठा शौर्य पुरस्कार एका माणसाला रस्ता मोकळा केल्याबद्दल दिला गेला आहे.

सुरुंग काढणं म्हणजे नेमकं काय करावं लागतं, ते मी मुद्दाम वाचलं. त्या काळातला माइन डिटेक्टर म्हणजे आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधलंच तत्त्व. काठीच्या टोकाला कॉइल, तिच्यातून बदलता प्रवाह, खाली धातू आला की कानातल्या हेडफोनचा सूर बदलतो. पण सुरुंगाची पेटी लाकडाची असेल तर हे यंत्र जवळजवळ बहिरं. रस्त्यावर गोळ्यांचे आणि तोफगोळ्यांचे तुकडे पडलेले असतील तर ते उगाचच ओरडत राहतं. मग उरते जुनी पद्धत. पालथं झोपायचं, संगीन किंवा सळई तिरकी धरून जमिनीत हळूहळू खुपसायची. सरळ उभी नाही, कारण सुरुंग वरून दाबला की फुटतो. कडेला काही कठीण लागलं की हाताने माती बाजूला करायची. मग बोटांनी चाचपून बघायचं की खाली किंवा बाजूला दुसरा काही सापळा जोडलेला आहे का. आणि मगच उचलायचा. हे सगळं हलक्या हाताने, घाई न करता. वरून मशीनगन चालू असताना घाई न करता!

राणेंची एक गोष्ट फौजेत नेहमी सांगितली जाते. ती मानपत्रात नाही, पण ऐकण्यासारखी आहे. सुरुंग पेरलेला पट्टा ओलांडायचा होता आणि उघड्यावर एकही माणूस टिकत नव्हता. तेव्हा राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. रणगाडा हळूहळू पुढे सरकणार, खाली हे सरपटत सुरुंग काढणार. आतल्या ड्रायव्हरला सांगायचं कसं? आवाज तर ऐकू जाणं शक्य नाही. म्हणून दोन दोर ठेवले. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. तिथे वापरलेले स्टुअर्ट रणगाडे हलक्या जातीचे, तरी वजन १४-१५ टन, आणि पोट जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टे फिरतायत, समोर सुरुंग, आणि ड्रायव्हरशी संबंध म्हणजे हातातले दोन दोर. आमच्या मेकॅनिकलच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला की यापेक्षा साधी आणि यापेक्षा अवघड कंट्रोल सिस्टिम असूच शकत नाही.

हा रस्ता एवढ्या घाईने का हवा होता, हेही सांगायला हवं. राजौरीत आणि आजूबाजूच्या गावांत अजून लोक अडकलेले होते. फौज पोचली तेव्हा बराचसा गाव उद्ध्वस्त झालेला होता आणि प्रेतांनी भरलेले खड्डे सापडले. जे उरले होते ते वाचले. त्यांच्या दृष्टीने रस्ता ११ तारखेला उघडणं आणि १५ तारखेला उघडणं यात काय फरक होता, ते आपण हॉस्टेलच्या खोलीत बसून नुसतं ताडू शकतो. आपल्याकडे रस्ता वेळेत पूर्ण होणं हा विनोदाचा विषय आहे. त्या एप्रिलमध्ये तो जगण्या-मरण्याचा विषय होता.

आणि ते दोघं, जे पहिल्याच माऱ्यात गेले? मानपत्रात त्यांची नावं येत नाहीत, फक्त संख्या येते. शिवाय जखमी झालेले बाकीचे चौघं, आणि चार दिवस राणेंच्या मागोमाग पहार-फावडं घेऊन चालणारे सगळे सॅपर. एक माणूस एकट्याने डायव्हर्जन खोदू शकत नाही. राणेंचं मोठेपण मला यात वाटतं की डोळ्यांदेखत दोन सोबती गेल्यावरही ती माणसं त्यांच्या मागून पुढे गेली. पुढारी स्वतः पहिल्या गाडीत बसला असेल आणि तोही जखमी असेल, तर मागचा माणूस कसा थांबेल?

स्वतंत्र भारताचं परमवीर चक्र हे पदक २६ जानेवारी १९५० ला सुरू झालं. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्माने त्या युरोपियन, मराठी फौजी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. पदकावर त्यांनी इंद्राची चार वज्रं काढली. हे वज्र दधीची ऋषींच्या अस्थींचं, म्हणजे दुसऱ्यांच्या उपयोगासाठी स्वतःची हाडं देणाऱ्याचं. राणेंच्या नावाची घोषणा १९५० च्या जूनमध्ये झाली. १९४७-४८ च्या त्या लढाईसाठी पाच परमवीर चक्रं दिली गेली. मेजर सोमनाथ शर्मा, जदुनाथ सिंग आणि पिरू सिंग यांना मरणोत्तर. जिवंत राहिले ते दोघेच, लान्स नाईक करम सिंग आणि आपले राणे. आजवर एकवीस जणांनाच हे पदक मिळालं आहे आणि त्यातले चौदा ते घ्यायला उरले नाहीत.

खडकीच्या सॅपर्समध्ये राणेंच्या आधी आणखी एकाने असंच काम केलं होतं. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत. १९४१ मध्ये आफ्रिकेत, ॲबिसिनियाच्या मोहिमेत, त्यांनी सलग चार दिवस ५५ मैलांच्या रस्त्यावरची पंधरा सुरुंगक्षेत्रं साफ केली, दोनदा गाडीखाली सुरुंग फुटला, कानाचा पडदा फाटला, आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भगत आणि राणे दोघांचा जन्म १९१८ चा. एक अकादमीतून थेट अधिकारी झालेला, दुसरा साधा रिक्रूट. दोघंही बॉम्बे सॅपर्स, दोघांचे चार-चार दिवस, दोघांचं काम एकच : मागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी करणं. भगत पुढे लेफ्टनंट जनरल झाले. राणे मेजर म्हणून १९६८ मध्ये निवृत्त झाले, आणि त्यानंतरही १९७१ पर्यंत पुनर्नियुक्तीवर काम करत राहिले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कामगिरीची युद्धवृत्तांत पाच वेळा नोंद झाली. पण त्यांचं नाव कायम जोडलेलं राहिलं ते वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आतल्या त्या चार दिवसांशी.

११ जुलै १९९४ ला पुण्यातच, इथल्या कमांड हॉस्पिटलमध्ये, मेजर राणे वारले. वय ७६. मी ज्या कॉन्व्हेंट शाळेत शिकले तिथे आम्हाला नेपोलियनच्या लढाया तारखांसकट पाठ होत्या. पण ज्या शहरात मी बसमधून रोज फिरते त्याच शहरात हा माणूस होऊन गेला, हे मला विसाव्या वर्षी एका जुन्या पुस्तकामुळे कळलं.

त्यांची आठवण कोणी ठेवलीच नाही असं मात्र नाही. शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली, त्यातलं एक राणेंच्या नावाचं होतं. पंचवीसेक वर्षं तेल वाहून ते जहाज निवृत्त झालं. कारवारच्या टागोर समुद्रकिनाऱ्यावर २००६ मध्ये त्यांचा पुतळा बसवला. आणि २०२३ च्या २३ जानेवारीला अंदमान-निकोबारच्या एकवीस बेटांना एकवीस परमवीरांची नावं दिली गेली, त्यात राणेंचंही एक बेट आहे. जहाज, पुतळा, बेट, सगळं समुद्राशी जोडलेलं. कारवारच्या माणसाला ते शोभतं. पण मला विचाराल तर राणेंचं खरं स्मारक म्हणजे नौशेरा-राजौरी रस्ता. त्यावरून आज ट्रक जातात, एसटीसारख्या बस जातात, शाळेची मुलं जातात, आणि जाताना कोणाला खाली बघावं लागत नाही.

मित्रांनो, फायनल इयरला आपल्याला सगळे एकच विचारतात, पॅकेज किती? ते विचारणं चूक नाही, मलाही नोकरी हवीच आहे. पण इंजिनिअर कशासाठी असतो, याचं मला सापडलेलं सगळ्यात साधं उत्तर या माणसाच्या चार दिवसांत आहे. ज्यांना पुढे जायचंय त्यांना जाता यावं म्हणून. रणगाडे चिंगसला पोचले तेव्हा राणे त्यांच्याबरोबर नव्हते. ते मागे रस्त्यावर होते, कारण ट्रक अजून यायचे होते.